एक मिनिट मागे

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो बेशुद्ध होता.

म्हणजे आत आला तेव्हा चांगला शुद्धीत होता. बाही वर केली, मूठ आवळली, आणि छताकडे बघत "मला काही भीतीबिती वाटत नाही हं," असंही म्हणाला. मी दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला – आणि गडी खुर्चीतच आडवा! मी पाय वर उचलून धरले, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. भुवयांवर पाण्याचे थेंब, आणि त्यांच्याखाली ते डोळे... असो.

"झालं?" त्याने विचारलं.

"अजून सुरूच केलं नाही."

रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं लोकांना सुया टोचतेय. लोक मला बघून घाबरतात. मी स्वतः कुत्र्यांना घाबरते, विजेला घाबरते, अवेळी वाजणाऱ्या फोनला घाबरते, आणि लिफ्टला तर फारच. तो नेमका लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅबला कुलूप लावत होते, तर हा दारात. सायकल घेऊन.

"तुमचा रिपोर्ट तयार आहे," मी म्हटलं.

"असू दे की. मी तुमची सायकल बघायला आलोय. काल दारामागे हेल्मेट दिसलं."

"काय झालंय माझ्या सायकलला?"

"ते बघितल्यावर सांगतो."

मग रोज सव्वासहाला तो दारात. नदीकाठच्या सपाट रस्त्याने माझ्या घराच्या वळणापर्यंत आम्ही शेजारी शेजारी सायकली हाकायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. मी लोकांचं रक्त काढते म्हणून तो मला 'डास' म्हणायला लागला, मी त्याला 'लिफ्टवाला'. घरी आईला संशय आलाच. "हल्ली सायकलची घंटा फार वाजते गं आपल्या कोपऱ्यावर," ती म्हणायची, आणि मी भाजी चिरायला पळायचे.

पण रिपोर्टचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. एकदाच बोलला.

"माझ्या आईचंही असंच पांढरं पाकीट आलं होतं. उघडलं, आणि तीन महिन्यांत सगळं संपलं. मला नको ते."

तपासणी मीच केली होती. हिमोग्लोबिन साडेसात. त्याच्या वयाच्या पुरुषाचं निदान तेरा तरी हवं. मी मशीन दोनदा चालवलं, दोन्ही वेळा तेच. शिडी चढताना गरगरतं म्हणून डॉक्टरांनी त्याला पाठवलं होतं, तेव्हा माझ्या खुर्चीत तो नुसता सुईला घाबरून पडला नव्हता. आमच्याकडे नियम आहे, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि त्याचा अर्थ डॉक्टरांनीच सांगायचा. मी त्या नियमाच्या आड लपले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की वाईट बातमी माझ्या तोंडून ऐकली तर तो पुन्हा दारात दिसणार नाही. दोन आठवडे मी काही न सांगता त्याच्याशेजारी हसत सायकल चालवली.

आणि मग आली ती शर्यत.

सायकलच्या दुकानवाले काका दर वर्षी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत शर्यत लावतात. चार किलोमीटर, नऊ वळणं. बक्षीस म्हणजे दोन टायर आणि वर्षभराचं मिरवणं. एकेकाला एका मिनिटाच्या अंतराने सोडायचं आणि वर काकांची मुलगी घड्याळ घेऊन बसणार.

"या वर्षी नको ना," मी म्हटलं.

"का?"

"पाकीट उघड, म्हणजे कळेल."

"शर्यत झाल्यावर."

तो ऐकेना, म्हणून मीही नाव दिलं. मला चढ म्हटला की घाम फुटतो, पण निदान डोळ्यांसमोर तरी राहील तो. चिठ्ठ्या निघाल्या. मला सातवा नंबर, त्याला आठवा. म्हणजे तो माझ्या पाठीमागे... डोळ्यांसमोर कसला!

सकाळी धुकं होतं. रस्ता ओला. त्याने कधी नेलंच नव्हतं ते पाकीट मी जर्सीच्या पाठीवरच्या खिशात घातलं होतं. तो ग्लोव्ह्ज चढवत माझ्याकडे बघून हसला. ओठ फिके होते, की मलाच तसे दिसले?

"डास, एक मिनिट म्हणजे काय, तुला दुसऱ्या वळणावर गाठतो."

तिथेच माझी अक्कल चरायला गेली. "लाव पैज," मी म्हटलं. "मला गाठलंस तर पाकिटाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही गाठलंस, तर टाकीपाशी माझ्यासमोर उघडायचं."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला. "लावली."

"सात नंबर!" काका ओरडले.

मी सुटले. पहिल्या वळणापर्यंत श्वास होता, दुसऱ्यापर्यंत जिद्द. मांड्या पेटल्या होत्या, तोंडात लोखंडाची चव आली होती, तरी मी थांबले नाही. जिंकायचं, म्हणजे तो पाकीट उघडेल, डॉक्टरांकडे जाईल, सगळं नीट होईल... तिसऱ्या वळणावर कठड्यावरून खाली पाहिलं. धुक्यात एक निळं हेल्मेट. तो पॅडलवर उभा राहून, सायकल दोन्ही बाजूंना फेकत येत होता. मी दिसताच त्याने एक हात हलवला. मग मान खाली घातली आणि आणखी जोर लावला.



मी जितकी पुढे पळणार, तितका हा मागून जीव काढणार. शरीरात अर्धं रक्त, आणि मी त्याला चार किलोमीटर चढावर पळवतेय. हळू गेले तर तो पैज जिंकणार आणि पाकीट कायमचं बंद राहणार. जोरात गेले तर... पुढचं मला मनातसुद्धा बोलवेना.

चौथं वळण. मागे वळून पाहिलं. कोणी नाही. कान दिले. नुसता माझाच श्वास. दहा पॅडल मारली, पुन्हा पाहिलं. कोणी नाही.

मी सायकल वळवली.

ओल्या उतारावर ब्रेक किंचाळत होते. देवा, पडलेला नसू दे. पडला असला तरी श्वास चालू असू दे. मी कसले कसले नवस बोलले, ते माझं मलाच ठाऊक.

तो अजून सायकलवरच होता. रस्त्यावर नागमोडी येत होता आणि ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. मी सायकल आडवी घातली.

"गाठलं..." तो म्हणाला आणि उतरला. पाय दुमडले. मी त्याला काखेत धरून कठड्याला टेकवून बसवलं आणि मनगट पकडलं. नाडी इतकी धावत होती की मोजता येईना. मी मोजत राहिले, चुकत राहिले, पुन्हा पहिल्यापासून मोजत राहिले. बऱ्याच वेळाने ती जराशी शांत झाली.

"परत का आलीस? जिंकत होतीस तू."

"गप्प बस. श्वास घे."

"आता पाकीट मागायचं नाही हं. पैज म्हणजे पैज."

"नाही मागत," मी म्हटलं. "सांगतेच. तुझं हिमोग्लोबिन साडेसात आहे. तेराच्या वर हवं. का कमी झालं ते डॉक्टर शोधतील. औषधं आहेत, उपचार आहेत. पण आज तू वरपर्यंत गेला असतास, तर काय झालं असतं मला माहीत नाही."

त्याने एका हाताने हेल्मेट काढलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू माझ्याशी पैज लावलीस."

"हो."

मला वाटलं, आता तो मनगट सोडवून घेईल. मी बोलत सुटले, थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "मी भित्री आहे रे. सांगितलं की तू यायचाच बंद होशील असं वाटलं. सव्वासहा वाजतील आणि दारात कोणी नसेल. मला तू आवडतोस. आवडतोस म्हणजे... माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि मघाशी मागे वळून पाहिलं, तू दिसला नाहीस, तेव्हा असं वाटलं की मीच तुला मारलं."

आमच्या मागून सुटलेला एकजण धापा टाकत वर गेला. जाता जाता ओरडला, "काय हो, पंक्चर?"

"हो," त्याने उत्तर दिलं.

मी पाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानेच ते फाडलं, कागद उलगडला, आकड्यावर अंगठा ठेवून बसला.

"मला तुझा राग आलाय, डास," शेवटी तो म्हणाला. "खूप. जाईल की नाही, मला माहीत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"पण उद्या डॉक्टरांकडे एकट्याने जायची माझी हिंमत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता.

"किती वाजता?" मी विचारलं.

"दहाला."

"मी नऊलाच येते."

त्याने नाक पुसलं. वर टाकीपाशी कोणाच्या तरी नावाने टाळ्या पडत होत्या. "नाडी झाली ना बघून?" त्याने विचारलं.

"केव्हाच."

"मग अजून धरून का बसलीस?"

"भीती वाटतेय," मी म्हटलं.

"मलाही," तो म्हणाला. "सोडू नकोस."