चार गिलासांची उतरंड

"तुमच्याच घरातून मेल गेलाय, आपा! इंटरनेटवाल्यांनी पत्ता काढून दिला."

व्यंकटी सर चपला न काढताच आत आले. काल दुपारी त्यांच्या क्लासच्या पालकांना निनावी मेल गेला होता: इमारतीला भेगा पडल्यात, पुढच्या भूकंपात पोरं गाडली जातील. आज सकाळी निम्मे बाक रिकामे.

"हिचंच काम!" त्यांनी वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरीकडं, लुंबिनीकडं, बोट केलं. "फुकट शिकवलं, त्याचे हे पांग फेडले. उद्यापासून क्लासला येऊ नको."

लुंबिनीची बारावी तोंडावर आलेली.

"जाऊ द्या सर," खुर्चीतून शेषेराव म्हणाले. नांदेडहून येऊन त्यांनी लातुरात नवा क्लास काढला होता. भाड्याच्या खोल्यांसाठी कालपासून सालेहाआपांकडं खेटे घालत होते. "माझ्याकडं पाठवा तिला. पहिली येणारी पोरगी हाय."

आपांनी पदर खोचला.

"सर, फोनची तार या खालच्या संगणकाला. यातून वायर वर लुंबिनीकडं. शॉक खात खात मीच जोडलंय. ही वेस, ती आतली गल्ली. मेल कुणीही करो, बाहेर पत्ता वेशीचाच दिसतो. काल दुपारी लाइट होती?"

"दुपारी कधी असते?"

"इन्व्हर्टर फक्त या खोलीला. म्हणजे वरचा संगणक बंद. मेल इथंच बसून झाला."

"मग इथं बसून केला हिनं!"

आपांनी मॉनिटरवरचे एकात एक घातलेले चार स्टीलचे गिलास उचलून सरांपुढं ठेवले.

"हे रचा बरं."

"ही काय येळ हाय?" सर खेकसले. पण हात आपोआप चालले. एक पालथा, त्यावर एक उताणा, त्यावर पालथा, वर उताणा. जरा हादरा बसला की खणखणाट. भूकंपानंतर अख्खं लातूर अशाच उतरंडीशेजारी झोपायचं.

"माझं टेबल डुगडुगतं," आपा म्हणाल्या. "कीबोर्डचा खण ओढला की मॉनिटरवरची उतरंड कोसळते, मी आतून पळत येते. म्हणून कुणीतरी ती आधी उतरवली. परत ठेवताना मात्र फडताळात ठेवतात तशी, एकात एक. लातूरचं शेंबडं पोर असं ठेवणार न्हाई. आणि ही तर ढिगाऱ्यातून काढलेली पोर." त्या वळल्या. "काल मी जोहरच्या, दुपारच्या नमाजला आत गेले, तेव्हा इथं कोण होतं, शेषेराव?"

"गिलासांवरून चोर ठरवता?"

"न्हाई. सर तिला हाकलतात आन् तुम्ही लगेच झेलता, त्यावरून."

शेषेराव ताडकन उठले. "मग काय करू? पहिल्या पोरीचा फोटो न्हाई बोर्डावर, तर माझ्या क्लासला कुत्रं फिरकत न्हाई इथं!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. ते निघाले, तेव्हा कुणी वाट अडवली नाही, कुणी बसाही म्हणालं नाही.

सर खाली बघत म्हणाले, "उद्या टेस्ट हाय. ये."

"येते," लुंबिनी पहिल्यांदाच बोलली. "पण सर, भेगा हायत का?"

सरांनी उतरंडीकडं पाहिलं.

"जिन्याजवळ एक हाय," ते म्हणाले. "गवंडी येईस्तोवर टेस्ट मैदानात घेऊ."