एका खोलीत दोन बिऱ्हाडं

दार लोटून घ्या आणि बसा जवळ. मध्ये कोणी मोबाईल काढायचा नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या दुकानाशेजारी बसणाऱ्या माणसाची आहे. बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. औषध मात्र एकच सांगायचा: आधी डिस्कची प्रत काढा, मग हात लावा. गिऱ्हाइकांचे कान किटले होते ते ऐकून.

त्याची बायको गेली तेव्हा हा रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. दगडबिगड काही नाही, आतून बधिर झाला होता. जेवायचा, पण चव विचारलीत तर सांगता आलं नसतं. वहिनी होत्या तेव्हा तो पलंगावर आडवातिडवा झोपायचा, आणि त्या कामं आवरून आल्या की रोज म्हणायच्या, "सरका जरा." आता अख्खा पलंग त्याचाच होता.

वहिनींचा आवाज एकाच फाईलमध्ये उरला होता. त्याने नवा माइक आणला, तेव्हा माइकसमोर बसून त्या म्हणाल्या होत्या, "हॅलो... अहो, येतंय का ऐकू?" आणि हसल्या होत्या. एवढंच. तेही हल्ली अडखळायला लागलं. म्हणून डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तो बाजारातून नवी डिस्क घेऊन आला. आवाज त्यात हलवायचा, बस्स.

रात्री अकराला तो बसला. आधी जुन्या डिस्कची प्रत काढायची, तर ती काढलीच नाही. जन्मभर लोकांना सांगितलं आणि स्वतःच्या घरी थेट दुरुस्तीला हात घातला. कंटाळा, दुसरं काय.

आता डिस्क म्हणजे काय, तर लहान लहान खोल्यांची रांग. त्या खोलीला हे लोक ब्लॉक म्हणतात. कुठल्या खोलीत कुठली फाईल राहते, याची नोंद डिस्कच ठेवते. ती नोंद बिघडली की एकाच खोलीवर दोन फाईली हक्क सांगतात. इथे तसंच झालं होतं. एक फाईल वहिनींच्या आवाजाची. दुसरीला नावच नव्हतं.

कॉम्प्युटरने विचारलं, दोघींना वेगळं करू? त्याने 'हो' दाबलं. पुन्हा तपासलं, तर आता शेजारची खोली दोघींची. पुन्हा 'हो'. मग तिच्या शेजारची.

त्याने आवाज लावून पाहिला. हसू गेलं होतं.

पुन्हा दुरुस्ती. पुन्हा ऐकलं. "हॅलो... अहो..." पुढे काही नाही.

बिननावाची फाईल मात्र वाढत होती. ती पुसून टाकली की प्रश्न मिटत होता. पुसायचीच, पण एकदा ऐकून. त्याने हेडफोन लावले.

आधी काहीच नाही. मग पंख्याची घरघर. मग खुर्ची करकरली. हीच खुर्ची... मग कोणी तरी खोकलं. खोकला त्याचाच होता.

पण त्याला तर खोकला आलाच नव्हता.

थोडा वेळ गेला... आणि त्याला खोकला आला.

तो मागे वळला नाही. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. हेडफोनमध्ये पंखा फिरत होता. डोक्यावरही.

मग अगदी कानाशी...

"सरका जरा."

...

तो सरकला. खुर्चीतल्या खुर्चीत, एका कडेला.

जुनी डिस्क थांबली ती कायमची. जुना आवाज गेला, बिननावाची फाईलही गेली. प्रत नव्हतीच.

सकाळी मी चहा घेऊन गेलो, तेव्हाही तो तसाच कडेला बसला होता. रात्रीचं सगळं त्यानेच मला सांगितलं. नव्या डिस्कचं सील माझ्यासमोर फोडलं त्याने. जोडली. आत एकही फाईल नाही, आणि तरी निम्मी जागा भरलेली. मी म्हटलं, बदलून आण दुकानातून. तो नाही म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ती डिस्क अजून त्याच्याकडे आहे. जोडली की कॉम्प्युटर दर वेळी विचारतो, या जागेला मालक नाही, मोकळी करू का?

तो 'नाही' दाबतो.