ज्यानं मला ताई म्हटलं नाही

"त्यो येळंवर कवाच पोचत न्हाई. वाटंत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, की ह्यो थांबलाच. बायकूनं जेवान झाकून वाट बघत बसायचं... जमंल का तुमच्या बहिणीला?"

लग्नाआधी मला हे इतकं स्पष्ट सांगितलं गेलं होतं. भर उन्हात, पुसेसावळीच्या पुढच्या रस्त्यावर. मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण सांगणाऱ्यावरच माझा विश्वास नव्हता.

दुष्काळ सरल्यावरच्या वर्षीची गोष्ट. मी साताऱ्यात नुकतीच बी.ए. झाले होते आणि तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचं स्थळ चालून आलं होतं. मुलाचं नाव मानसिंग. मध्यस्थ आप्पासो त्याचं कौतुक करताना थांबेनात. शांत, निर्व्यसनी, शब्दाचा पक्का, वेळेचा पक्का... वडील खूश झाले. मला मात्र झोप लागेना. एकही खोट नसलेला माणूस असतो का? शिवाय माझा फोटो तिकडे गेला होता, त्याचा इकडे आलाच नव्हता. "बागंच्या कामात फोटो काढाय सवड न्हाई त्येला," आप्पासो म्हणाले. सवड नाही, की एक डोळा नाही?

"शालन, मग आपणच बघून येऊ," विजयमाला म्हणाली. ती माझी वर्गमैत्रीण. तिचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी मुलाबरोबर मुलीलाही राजदूत मोटारसायकल चालवायला शिकवली होती. आम्ही घरी सांगितलं, औंधला यमाईला जातो. देवीच्या नावावर खोटं नको म्हणून खरोखर दर्शनही घेतलं, आणि तशाच पुढे निघालो.

साताऱ्यातून निघताना धुक्यानं पापण्या ओल्या झाल्या होत्या. औंध सोडलं तसं ऊन चढलं, आणि पुसेसावळीच्या पुढे राजदूत फुरफुरून थांबली तेव्हा टाकीला हात लावता येईना. विजयमालानं पाना शोधला. तो घरीच राहिला होता.

मागून एक जुनी जावा आली. पुढे गेली. थांबली... आणि वळून परत आली. मला ते वळणं आवडलं नाही.

"प्लग काळा पडला असंल, ताई," तो विजयमालाला म्हणाला. आपल्या पान्यानं प्लग काढून त्यानं काडेपेटीच्या कडेवर घासला. रापलेला चेहरा, दाट भुवया, धुळीनं पांढरे झालेले केस. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं — आणि काडेपेटी हातातून पडली. ती उचलायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला.

"कुटवर निघालाय?"

"तासगावला. एका स्थळाची चौकशी करायची आहे," विजयमाला बोलून गेली.

"माझ्या बहिणीसाठी," मी घाईनं म्हणाले. "मानसिंग म्हणून कुणी बागायतदार आहे."

"मानसिंग," तो प्लगला सांगितल्यासारखा म्हणाला. "वळखतो की. लय चांगला वळखतो."

"कसा आहे?"

"वंगाळ."

आणि मग सुरूच झाला. कॉलेजात गेला, वर्षात परत आला. रागावला की जेवत नाही, न रागावता जेवला तर दुसऱ्याला पुरू देत नाही. गाण्याची हौस, गळा नाही. आणि वेळेवर कधी पोचत नाही.

"काहीच चांगलं नाही?"

त्यानं बराच विचार केला. "मोटारसायकल बरी पुसतो."

जुळत आलेलं लग्न मोडायला भाऊबंद कसे टपलेले असतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी सरळच विचारलं, "तुमचं नि त्याचं भांडण आहे का?"

"हाय की. रोजचंच."

"भाऊबंद?"

"त्याच्याइतकं जवळचं मला कुणी न्हाई."

सापडला. "विजे, हा बोलेल त्याच्या उलट धर," मी तिच्या कानात म्हणाले. गंमत म्हणजे, तो जितकी नावं ठेवत होता, तितका तो न पाहिलेला मानसिंग मला आवडायला लागला होता.

राजदूत सुरू झाली. जावा आमच्या मागेच राहिली. पुढे जायला रस्ता मोकळा होता, तरी. विट्यापर्यंत धूळ, विट्याच्या पुढे आभाळ एकाएकी खाली आलं आणि टपोरे थेंब पडू लागले. तो शेजारी आला. डिकीतून पोत्याची खोळ काढून त्यानं माझ्यापुढे धरली.

"डोस्क्यावर घ्या."

"आणि तुम्ही?"

"मला सवय हाय... भिजायची."

विजयमालाला तो पहिल्या वाक्यापासून ताई म्हणत होता. मला एकदाही नाही. मी ते नीट लक्षात ठेवलं — संशय म्हणून.

तासगावच्या वेशीजवळ चहाच्या टपरीत शिरलो. मी त्याची नजर चुकवून टपरीवाल्याला हळूच विचारलं, "मानसिंग बागायतदार कुठे भेटतील?"

"ह्ये काय, तुमच्या मागं निथळत हुबा हाय की."

माझ्या हातातली बशी कलंडली. विजयमाला हसू लपवायला बाहेर गेली, पावसात.

"इतकं खोटं बोललात?" मी म्हणाले.

"एक बी खोटं न्हाई." तो खाली बघत होता. "तुमचा फोटो बगितला व्हता. रस्त्यावर बगितलं, वळखलं. आप्पासो काय काय सांगून आलं असतील ते ठावं हाय मला. म्हटलं, मोडायचं असंल तर आत्ताच मोडू दे... मागनं नगं."

"तुम्हाला मोडायला हवं होतं?"

"हवं असतं, तर खोळ कशाला दिली असती?" मग हळूच, "बहिणीला काय सांगनार?"

"मला बहीणच नाही."

"त्ये बी ठावं हाय. एकुलती हाय म्हनालं व्हतं आप्पासो."

"मुलगा वंगाळ आहे, असं सांगेन घरी," मी म्हणाले. "पण खोटं बोलत नाही, असंही सांगेन."

तो तेव्हा पहिल्यांदा हसला.

आज आमच्या मुलीचं बारसं. मी साताऱ्याला माहेरी आहे. पाळणा बांधलाय, बायका जमल्यात, घुगऱ्या निवत चालल्यात. हे मित्राला मागे बसवून सकाळीच तासगावहून निघालेत. दुपार कलली. विट्याकडून आलेली एसटीची माणसं म्हणतात, तिकडे पाऊस आहे, रस्ता निसरडा झालाय. विजयमाला म्हणते, वेडी आहेस, येतील. आई सारखी दाराशी जाते. मुलगी झोपते, उठते. मी प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ऐकते... जावाचा नसतो.

तुम्ही त्या रस्त्यानं येत असाल, तर जरा बघाल का? नीट चाललेल्या गाड्यांकडे बघू नका. कुणाची बंद पडली असेल, तिथे थांबा. चिखलात गुडघे टेकून कुणी प्लग घासत असेल, आणि तुम्हाला पहिल्याच वाक्यात ताई म्हणेल — तर ते हेच. त्यांना एवढंच सांगा, नाव अजून ठेवलेलं नाही, पाळणा थांबवलाय. आणि अंगावर खोळ आहे का, तेवढं बघा. बहुतेक कुणाला तरी देऊन टाकली असेल.