कान तुटलेला कप

ठाण्यात खोपटच्या डेपोत अंतरा कल्याणच्या एसटीची वाट बघत उभी होती. कुणीतरी तिच्या हातात एक पत्रक कोंबलं.

"ताई, घरकाम करणाऱ्या बायकांची सभा आहे, आंबिवलीला. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींना पाठवा."

"मावशींना कशाला? मीच येते." अंतरा समाजशास्त्रात एम.ए. करत होती आणि तिचा प्रबंध याच बायकांवर होता. "कामाच्या घरी त्यांना चहा कशातून मिळतो, ते विचारायचंय मला."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरासा मिटला. "वेगळ्या कपातून. झाला तुमचा रिसर्च! आता मला चहा पाजा."

"कोणत्या कपातून?"

"कानवाल्या…"

तो सुदेश. आंबिवलीचा, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. त्याची आई शेवंती कल्याणात धुणीभांडी करायची.

मग दर रविवारी अंतरा आंबिवलीला जाऊ लागली. सभा आटोपली की देवळाच्या ओसरीवर ती बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. सुदेश मागे बसून उगाच हात वर करायचा.

"बाई, मला प्रेमपत्र वाचता येत नाही."

"आधी कुणी लिहिलंय का ते बघ!"

बायका पदर तोंडाला लावून खिदळायच्या. शेवंती ओरडायची, "गप रे मेल्या, मास्तरीण पळून जाईल!"

मास्तरीण कुठली पळतेय… सुदेशच्या स्टीलच्या पेल्यातला अर्धा चहा तिच्या वाटणीचा असायचा. बायकांच्या मोर्चात 'कप एक, मान एक' ही घोषणासुद्धा तिनेच दिली — घसा बसेपर्यंत.

नवरात्रात सुदेश टेंभी नाक्याच्या देवीला आला. अंतराचं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

"चल ना घरी. आईला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"चल तर…"

अंतराची आई उत्तराताई, निवृत्त शिक्षिका. गोड बोलून त्यांनी सगळी चौकशी केली. "आणि आई काय करते तुझी?"

"धुणीभांडी करते, काकू."

"हो का? छान हो," म्हणत त्या आत गेल्या. कपबश्या किणकिणल्या.

ट्रेमध्ये तीन कप आले. दोन निळ्या फुलांचे. तिसरा कान तुटलेला — एरवी मिक्सरच्या मागे पालथा असणारा, घरच्या भांडीवाल्या बाईंचा. तोच सुदेशच्या पुढ्यात आला.

अर्ध्या ठाण्याच्या स्वयंपाकघरांत अंतरा कपांची चौकशी करून आली होती. आपल्या ओट्याकडे तेवढं बघायचं राहिलं होतं.

हात पुढे करून कप बदलायचा होता, बस्स. पण आई समोर बसलेली. सणासुदीला तमाशा नको… नंतर समजावू तिला, निवांत… अंतराने निळ्या फुलांचा कप ओठांना लावला.

सुदेश तिच्याकडे बघत थांबला होता. मग त्याने तो कप दोन्ही हातांत धरला आणि चटके सोसत संपवला.

"मस्त झालाय चहा, काकू."

जिन्यात अंतराने त्याला गाठलं. "सुदेश, थांब ना रे! मी बोलणार होते… नंतर, आईशी—"

"माहितीये." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुझ्या आईचं काही नाही गं. अशा काकू माझ्या आईला रोज भेटतात. मी तुझ्याकडे बघत होतो."

"मला तू आवडतोस, सुदेश." एकदाचं निघालं तोंडातून.

"मलापण. खोपटपासून." तो हसला, पण डोळा मिटला नाही. "हे वर बोलायचंस अंतरा… जिन्यात नाही."

नाक्यावरच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. वर जाऊन अंतराने तो कान तुटलेला कप धुतला आणि निळ्या कपांच्या शेजारी ठेवला. आई काहीतरी विचारत होती. आता तिने सगळं सांगितलं, भांडली, रडली. ऐकायला सुदेश नव्हता.

पुढच्या रविवारी ओसरीवर मागची जागा रिकामी होती. शिकवताना कुणी हात वर केला नाही. शेवटी शेवंती चहा घेऊन आली. बायकांना पेले, आणि अंतरासाठी सोनेरी काठाची कपबशी.

"मावशी, मला पेला चालतो की!"

"नको गं बाई. सुदेश बोललाय, तुला कपातूनच द्यायचा." शेवंतीने मायेने बशी पुढे केली. "पाहुण्यांचा ठेवणीतला आहे हो, जपून धर."

त्या कपाचा कान अगदी शाबूत होता. तो धरून अंतराने सगळ्यांच्या मध्ये बसून, वेगळ्या कपातून चहा घेतला.