अनुस्वार राहिला

कोथरूडच्या शेवटच्या बसस्टॉपवर खांबाला चिकटवलेल्या त्या कागदात एकूण सहा चुका होत्या. दीक्षाने त्या उभ्या उभ्या मोजल्या आणि पर्समधून लाल पेन काढलं.

आता पुण्यात इतक्या पाट्या, इतके कागद... ही एकटी मुलगी कुठे कुठे पुरी पडणार? पण तिला राहवायचंच नाही. वर भाद्रपदातली बारीक भुरभुर चालू होती, समोरून येरवड्याची बस येत होती, आणि ही बाईसाहेब खांबाशी वाकून वेलांट्या सुधारत होती.

‘या स्टॉपवर निळि छत्रि सापडलि आहे. दांडिला पिवळा दोरा आहे. ज्यांचि आसेल त्यांनी फोन करावा.’

निळी. छत्री. सापडली. दांडीला... इथे पेन थबकलं. निळी छत्री. दांडीला पिवळा दोरा. अगं बाई – ही तर आपलीच, मंगळवारी विसरलेली!

“किती मार्क पडले?” मागून आवाज आला.

ती दचकून वळली. खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक सावळा, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा उभा होता. त्याच्या डोक्यावर तिचीच निळी छत्री होती.

“छत्री सापडली म्हणून कळवलंत, की वापरायला घेतलीत?” तिने खास पुणेरी सुरात विचारलं.

“मालकीण सापडेपर्यंत सांभाळून राहिलो.”

“सांभाळून राहिलो नाही. सांभाळतोय.”

“आमच्याकडे राहिलोच म्हणतात नं, मॅडम,” तो म्हणाला आणि छत्री तिच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभा राहिला. बस आली, थांबली आणि गेली. दीक्षाच्या ते लक्षातच आलं नाही.

त्याचं नाव अभिनव. गाव मूर्तिजापूर, अकोल्याकडचं. स्वतःच्या गावाच्या नावातच ऱ्हस्वदीर्घाचे तीन सापळे, तो तरी काय करणार बिचारा! नोकरी येरवड्याच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला कोथरूडला. दीक्षाचं नेमकं उलटं. राहायला येरवड्याला आणि ऑफिस कोथरूडला. मोबाईल फोनवरचे शब्द मराठीत आणायचं तिचं काम. तो संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला बसमधून उतरायचा आणि ती चढायची. म्हणजे चढायला हवं होतं. दसऱ्यापर्यंत ती रोज एक बस सोडायला लागली आणि दिवाळीनंतर दोन. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

साल होतं दोन हजार नऊ. संगणकावर मराठीत लिहिता येतं याचंच लोकांना अजून अप्रूप होतं. मराठी गप्पांच्या एका संकेतस्थळावर दीक्षा ‘वेलांटी’ या नावाने वावरायची आणि तिथे तिचा दराराच होता. कुणी ‘आणी’ लिहिलं की दोन मिनिटांत तिची दुरुस्ती हजर. तिच्या आग्रहाने अभिनवही तिथे लिहायला लागला. वेलांट्या सगळ्या चुकीच्या, पण लिहायचा असं, की वाचताना गालावर ऊन पडावं. गावच्या छोट्या रेल्वेबद्दल त्याने लिहिलं होतं, की ती इतक्या सावकाश जायची, की उतरून बोरं वेचून पुन्हा चढता यायचं. ते वाचून दीक्षा ऑफिसात एकटीच हसली होती... आणि मग उगाच उदास झाली होती. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

डिसेंबरातल्या एका दुपारी तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या गप्पांची चौकट उघडली. तीन वेळा ‘अभिनव लिहीत आहे’ असं दिसलं, तीन वेळा गेलं. मग एकच ओळ आली.

‘मला तुझ बोलण आवडत’

दीक्षाने ती ओळ चारदा वाचली. काय लिहावं? मलाही, असं लिहावं? बोटं कळफलकावर गेली, घाबरली आणि नेहमीच्या आडोशाला जाऊन लपली.

‘तीन अनुस्वार राहिले,’ तिने लिहिलं.

मग त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर ‘डोळ्यांत खुपणाऱ्या चुका’ अशी चर्चा रंगली होती. दीक्षाला ती ओळ कुणाला तरी दाखवायचीच होती, साऱ्या जगाला ओरडून सांगायची होती, आणि दाखवायची दुसरी रीत तिला येत नव्हती. तिने लिहिलं, ‘आज वाचलेलं: मला तुझ बोलण आवडत. अनुस्वार नसला, की “आवडत”च्या पुढे “नाही” लागतं. या बिचाऱ्याचं “नाही” कुठे सांडलं?’

लोक पोट धरून हसले. चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. एकाने लिहिलं, ‘असल्या अशुद्ध माणसाला पुन्हा बालवाडीत बसवा.’

अशुद्ध! तो शब्द वाचला आणि दीक्षाचं हसू जागीच विरलं.

तिचे वडील, बाबुराव, लहानपणी रोज संध्याकाळी तिला शुद्धलेखन घालायचे. “आपल्या वहीवर अशुद्ध असा शेरा येता कामा नये, बेटा,” म्हणायचे. ते असं का म्हणतात, हे तिला मोठेपणी कळलं होतं – त्यांच्या लहानपणी हा शब्द जात बघून माणसांना लावला जायचा. लाल पेन त्यांनी तिच्या हातात दिलं, ते कुणी तिला हसू नये म्हणून. आणि तिने त्याच पेनाने काय केलं?

तिने संकेतस्थळावरचं ते लिहिलेलं पुसलं, अभिनवला माफी मागणारा निरोप पाठवला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या बसमधून तो उतरला नाही. तिसऱ्याही नाही. तिने त्याचं जुनं लिखाण उघडलं, निदान शब्द तरी सोबतीला असावेत म्हणून. ‘मला गाडिचे डुलणे आवडते.’ ‘आईचे बोलणे आठवते.’ ‘हे शहर मोठे वाटते.’ वाचता वाचता ती चमकली. वेलांट्या सोडल्या तर ही वाक्यं बिनचूक होती. त्याच्या घरी ‘आवडते’च म्हणत. तिथे टिंबाची भानगडच नव्हती. फक्त त्या एका ओळीत, तिच्यासाठी, त्याने तिच्यासारखं, पुण्याचं बोलायचा प्रयत्न केला होता... आणि टिंबं राहून गेली होती.

दीक्षा ऑफिसच्या गच्चीवर जाऊन पोटभर रडली.

चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला. ‘मला हैदराबादचा प्रकल्प मिळतो आहे. सोमवारी होकार कळवीन. काळजी घे.’

त्यात एकही चूक नव्हती. त्यामुळेच तिचा जीव खालीवर झाला. हा अभिनव नव्हताच. हा कुणीतरी जपून जपून पावलं टाकणारा परका माणूस होता.

शुक्रवारी संध्याकाळी खांबावर नवा कागद लागला. दीक्षाने त्याच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी दोनदोनदा दाबून लावली. कागद लावून ती बाकावर बसली. एक बस आली, तो नव्हता. दुसरी आली, नव्हता. शेंगांच्या गाडीवाल्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्या बसमधून शेवटी, मान खाली घालून, तो उतरला. सवयीने त्याची नजर खांबाकडे गेली आणि पाय थांबले.

‘या स्टॉपवर एक माणूस हरवला आहे. तो राहिलो म्हणतो. चूक त्याची नव्हती, माझी होती. सापडल्यास त्याला सांगावे: मले तुहं बोलणं आवडतं. – छत्रीची मालकीण’

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. दीक्षा उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

“पेन दे,” तो वळून न पाहता म्हणाला.

तिने लाल पेन त्याच्या हातात ठेवलं. त्याने ‘बोलणं’मधला ण खोडला, वर न काढला. मग ‘आवडतं’वरचं टिंब अगदी हळुवार खोडलं आणि तिथे नीट एक मात्रा काढली.

“आवडते,” तो म्हणाला. “टिंब जास्तीचं झालं तुझं.”

“मला नाही येत तुझी भाषा.” तिचे डोळे भरून आले होते. “चुकले मी, अभिनव. हसवायला नको होतं मी लोकांना. मला ना, ते वाक्य... फार आवडलं होतं रे.”

“मग तवाच काहून नाही सांगितलं?”

“घाबरले.”

“मीही घाबरूनच लिहून राहिलो होतो.” तो आता वळला. त्याच्या डोळ्यांत ते पहिल्या दिवशीचं हसू हळूच परतत होतं. “तीनदा खोडलं. तू तपासशील म्हणून.”

“आता नाही तपासणार.”

“तपास नं. पण आधी उत्तर देत जा.”

ती हसली, आणि हसता हसता एक थेंब गालावर ओघळलाच. येरवड्याची बस येऊन थांबली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घालून तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. बस गेली.

“आणि... हैदराबाद?” तिने विचारलं.

“जाऊन राहिलो होतो.”

“मग आता?”

अभिनवने पेनाला टोपण लावलं आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं. ठेवल्यावर हात मात्र काढला नाही.

“आता... राहिलो,” तो म्हणाला.

दीक्षाने तो शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.