झाडलेली जाळरेषा

ही घटना खरी आहे. दिलवरसिंगच्या मुलीने, शीतलने, जशी सांगितली तशीच इथे आहे. तिखटमीठ लावलेलं नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. चोपड्याच्या वर, सातपुड्याचं जंगल.

दिलवरसिंग वनखात्याच्या रोजंदारीवर जाळरेषा काढायचा. म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत, पाला काढून मोकळा केलेला पट्टा. तो पुढे ब्रश कटरने गवत कापायचा. मागून त्याची बायको मोगराबाई खराट्याने पाला झाडत यायची. कितीतरी उन्हाळे असेच गेले.

त्याआधीच्या पावसाळ्यात मोगराबाई वारली.

आता तो एकटाच होता.

वनमजूर जीवरामने त्याला मोटारसायकलवरून रेषेवर सोडलं. "सांजले लेवाले येसू, भाऊ."

मशीन चालू असलं की दुसरं काही ऐकू येत नाही. ऊन कललं. पेट्रोल संपलं आणि मशीन थांबलं.

तेव्हा मागून आवाज आला...

खर्र... खर्र...

त्याने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. पण कापलेला अख्खा पट्टा झाडलेला होता. मातीवर खराट्याचे ताजे फराटे.

पाऊल मात्र एकही नाही.

त्याला भीती वाटली नाही. मशीन खाली ठेवून त्याने हाक मारली.

"मोगरा?"

खालच्या दरीतून ओ आली...

"हा..."

फराटे रेषा सोडून दरीकडे वळले होते. तो त्यांच्या मागे निघाला. सगळीकडे सागाचा वाळका पाला, पण पायाखाली काही वाजत नव्हतं. पाखरंही गप्प.

कड्याशी येऊन तो थबकला.

मोगराबाई डावखुरी होती. तिचा हात नेहमी डावीकडून चालायचा.

हे फराटे उजव्या हाताचे होते.

"ये ना..." खालून आवाज आला. अगदी तिचाच.

तो हलला नाही. मागेही नाही, पुढेही नाही.

तेवढ्यात वर मोटारसायकल थांबली. जीवराम ओरडला, "दिलवर भाऊ! आज तुमनासंगे कोन व्हतं? बठ्ठा पाला झाडेल शे!"

"कोनीच नही," एवढंच तो बोलला.

पुढे शीतलने त्याला विचारलं, ती माय नव्हती हे कळलं, तरी तुम्ही पळाला का नाहीत?

त्याने चुलीत लाकूड पुढे सारलं.

"तुनी माय गई तवयपासून," तो म्हणाला, "माले 'ये' कोन म्हनस?"

यंदा त्याने तीच रेषा मागून घेतली आहे.