बिनआवाजाची आतषबाजी

पोरांनो, दार जरा लोटून घ्या. आणि मधेच हसायचं नाही, कारण ही माझ्या मेहुण्यावर गुदरलेली गोष्ट आहे. तो नगरपालिकेत वायरमन. भुताचं नाव काढलं की पोट धरून हसणारा माणूस. तेव्हा हसायचा, म्हणजे.

शहराच्या स्थापनादिनाची रात्र, शनिवार. मोठ्या बागेत दरवर्षीसारखी आतषबाजी झाली, गर्दी पांगली. साडेअकराला साहेबांचा फोन आला, "बागेतले दिवे चालूच राहिलेत, तेवढा मेन स्विच बंद करून या." मेहुणा निघाला, तर सहा वर्षांची लेक मागे लागली. ऐन वेळी झोप लागल्यामुळे तिची आतषबाजी हुकली होती.

माझी बहीण म्हणाली, "न्या तिला. नाहीतर घर डोक्यावर घेईल."

फाटकाजवळच्या बाकावर त्याने लेकीला बसवलं. "हलायचं नाही हं." स्विचची खोली तिथेच, बाजूला. त्याने खटका पाडला, वळला.

बाक रिकामा.

आधी वाटलं, लपली असेल. "ठमाबाई, सापडलीस! ये बाहेर!" मग घसरगुंडीखाली पाहिलं, झुडपं चाचपली. खटका वर केला, तर दिवे लागेनात. हाका मारून मारून घसा बसला. आणि एकदम त्याला तळं आठवलं. त्याच्या लहानपणी याच बागेत, आतषबाजी बघताना चेंगराचेंगरी होऊन माणसं त्या तळ्यात पडली होती. बरीचशी जिवंत निघाली नाहीत.

तो तळ्याकडे धावत सुटला. तेवढ्यात वर एक बाण फुटला.

आवाज नाही. नुसता हिरवा उजेड.

त्या उजेडात... सगळी हिरवळ माणसांनी भरलेली. सगळ्यांच्या माना वर. चकार शब्द नाही. आणि पार पुढे, एका माणसाच्या खांद्यावर, त्याची लेक. टाळ्या पिटत होती. टाळ्यांचाही आवाज नाही.

उजेड विझला. अंधार.

"मामा, मग?"

मग काय! दुसरा बाण. लेक आता तळ्याच्या काठाला. मेहुणा गर्दीत घुसला. "दादा, वाट द्या... ताई, माझं पोर आहे हो ते..." कुणी मान खाली करेना. ज्याला धक्का लागावा, त्याचे कपडे ओलेचिंब. अंग गार.

पुन्हा अंधार.

तिसरा बाण. तो माणूस कमरेइतक्या पाण्यात. तिला घेऊन. आणखी आत चाललेला.

मेहुण्याने उडी टाकली. लेकीचा डावा पाय हाताला लागला. त्याने ओढला. उजवा सुटेना. तो कुणीतरी घट्ट धरलेला.

"तिला नका नेऊ! मला न्या... मला न्या हो!"

तेव्हा सगळ्या माना खाली आल्या. एकदम. त्याच्याकडे.

...

पाय सुटला.

काठावर लेकीला छातीशी धरून तो ओक्साबोक्शी रडला. ती मात्र खुशीत. म्हणाली, "बाबा, त्या काकांनी मला उचलून घेतलं. खालून दिसत नाही म्हणाले."

आता ती कॉलेजात जाते. उन्हातान्हात खेळते, रापते. पण उजव्या घोट्यावर चार बोटं आणि एक अंगठा... तेवढी जागा अजून पांढरीफटक आहे. भर उन्हाळ्यातही हात लावून बघा. गार.